पिवळ्या रोपाची तक्रार



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावले, तेव्हा युनियनचा माणूस यंत्रमाग, मजुरी आणि बोनस यांच्यावर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला, 'घरात वाढवलेली रोपे पिवळी का पडतात व ती कशी वाचवावीत'. चिटणिसांनी तो फलकावर लिहिला खरा, पण लिहिताना त्यांचा खडू दोनदा थांबला, असे ऐकतो. त्यांचा दोष नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे नगरवाचनालयाच्या बाकावर आणि मागाच्या खडखडाटात झाले. अशा माणसाने वनस्पतिशास्त्रात शिरावे याचे नवल वाटणारच. परंतु तीस वर्षे तक्रारी ऐकण्याचेच काम केल्यावर एवढे मात्र कळले आहे की पिवळे पडलेले रोप हीदेखील एक तक्रारच आहे. फरक इतकाच, की ती तोंडी नसते.

विषय वेळेवरचा आहे. वैशाख तापला आहे. पावसाळ्यात लावायची मिरची, टोमॅटो, वांगी यांचे बी आता टाकायचे, आणि बाहेरच्या उन्हात कोवळा अंकुर करपतो. म्हणून पुष्कळ घरांतून बी घरात, गॅलरीत, नाहीतर जिन्याखाली टाकले जाते. पंधरा दिवसांत ते उगवते. मग एक दिवस पाने पिवळी दिसू लागतात, आणि घरात जितकी माणसे तितके वैद्य तयार होतात. एक म्हणतो पाणी घाला, दुसरा म्हणतो खत घाला, तिसरा ताक ओततो. रोप बिचारे सगळ्यांचे सगळे सोसते आणि शेवटी मरते.

हे आम्ही वरून बोलत नाही. त्या वैद्यांत आम्हीही होतो. ती हकीकत आधी सांगतो.

'टाळेबंदी' हा शब्द आम्हा युनियनवाल्यांना जुना आहे. मालक कारखान्याच्या दाराला कुलूप लावतो, ती टाळेबंदी. 2020 सालच्या 25 मार्चपासून साऱ्या देशालाच ती लागू झाली आणि आमच्या इचलकरंजीतले माग थांबले. यंत्रमागावरचा कामगार म्हणजे जितके कापड तितकी मजुरी. माग थांबला की चूल थांबली. आमच्या एका सभासदाने हातपाय हलवले. शिरोळकडे त्याच्या मेव्हण्याची रोपवाटिका. त्याने भाजीच्या गाडीतून दहा ट्रे, कोकोपीट आणि बी पाठवले. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव घरे, म्हणजे दहा ट्रेंत नऊशे ऐंशी रोपे. निम्मी मिरची, निम्मी टोमॅटो. जूनमध्ये ती विकायची आणि दोन महिन्यांच्या वाण्याच्या उधारीतले काही फेडायचे, हा बेत. राहायला दोन खोल्या. आतल्या खोलीत ट्रे मांडले, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, की जमीन ओली होऊ नये.

मे महिन्याच्या आरंभी त्याचा फोन आला. "दादा, रोपं पिवळी पडल्यात. काय करू?" युनियनच्या माणसाला सगळे कळते, असा लोकांचा एक गोड समज असतो, आणि तो मोडू नये, असा त्या माणसाचा एक वाईट मोह असतो. आम्ही रोप पाहिले नव्हते, माती पाहिली नव्हती, खोली पाहिली नव्हती. तरी फोनवरून सांगितले, "उपाशी आहेत रोपं. थोडा युरिया दे." आमचा 'थोडा' म्हणजे किती, हेही सांगितले नाही. त्याने बादलीभर पाण्यात दोन मुठी टाकल्या आणि सहा ट्रेंना घातल्या. मग बादली संपली, म्हणून चार ट्रे राहिले. दोन दिवसांत ते सहाही ट्रे माना टाकून बसले. पाचशे अठ्ठ्याऐंशी रोपे.

आम्ही तोंडाला फडके बांधून त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्याची आई उंबऱ्याजवळ बसली होती. लग्नानंतर वीस वर्षे तिने दुसऱ्याच्या शेतात खुरपले, मग घर इथे आले. तिने उरलेल्या ट्रेमधले एक रोप अलगद उपसले, मुळाशी नाक नेले आणि आमच्यापुढे धरले. मूळ तपकिरी, बुळबुळीत; वास डबक्यासारखा. मावशी म्हणाली, "आरं, पानं बघत बसलाईसा. मूळ कुणी बघितलं व्हय?"

मंडळी, तीस वर्षांत आमच्या भाषणावर इतकी नेमकी टीका कोणी केली नव्हती.

झाले होते ते असे. ट्रेच्या प्रत्येक घराला खाली भोक असते. पण खालच्या प्लॅस्टिकवर पाणी साचून भोके बुडाली होती. कोकोपीट तर स्पंजासारखे पाणी धरते. वरचा थर सुकलेला दिसे, म्हणून घरातले प्रत्येक माणूस जाता येता तांब्याभर पाणी घालत होते. काम नव्हते, हात रिकामे होते, आणि रोपांवर जीव होता. मूळ नुसते पाणी पीत नाही, ते श्वासही घेते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा नाही, हवा नाही की मूळ कुजते, आणि कुजलेले मूळ भोवती पाणी असूनही ते उचलू शकत नाही. म्हणून बुडालेले रोप हुबेहूब तहानलेल्या रोपासारखे दिसते. आपण आणखी पाणी घालतो. अशा रोपाला वर खताचे तीव्र पाणी पाजले की उरलेसुरले मूळ जळते. युरियात शेकडा 46 भाग नत्र असते. ते औषध खरे, पण बुडणाऱ्याच्या घशात ओतायचे नव्हे.

पहिली परीक्षा म्हणून पाण्याची सांगतो. बोटाचे एक पेर मातीत घाला; आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ट्रे किंवा कुंडी उचलून पाहा; भरपूर पाणी दिल्यावर किती जड असते आणि सुकल्यावर किती हलकी, हे दोनदा उचलले की हात विसरत नाही. पाणी सकाळी द्या. आणि शंका आली तर एक रोप बळी द्या. उपसून मूळ पाहा. पांढरे, कडक मूळ म्हणजे दुखणे दुसरीकडे आहे. तपकिरी आणि घाण वासाचे मूळ म्हणजे दुखणे इथेच आहे.

दुसरी परीक्षा उजेडाची. नवरात्रात आपण पत्रावळीवर माती पसरतो, धान्य पेरतो, मध्ये घट मांडतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते आणि पिवळेधमक निघते. ते तुरे आपण दसऱ्याला टोपीत आणि वेणीत खोवतो. ते पिवळे का, असे लहानपणी आम्ही विचारले, तर 'देवाचे म्हणून' असे उत्तर मिळाले. भक्तीच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. शास्त्र असे सांगते की बियात आईने बांधून दिलेली शिदोरी असते; तिच्यावर अंकुर अंधारातही वाढतो, पण आपल्या नेहमीच्या धान्याभाजीत हरितद्रव्य तयार होण्याची शेवटची पायरी उजेडावाचून चढता येत नाही. म्हणून अंधारातले रोप सारी शिदोरी उंचीवर खर्च करते. कुठेतरी वर उजेड असेल, या आशेने ते धावत सुटते.

घरातल्या रोपाचे दुखणे पुष्कळदा हेच असते. खूण सोपी आहे: देठ लांब आणि दोऱ्यासारखा, पानांच्या दोन जोड्यांत अंतर फार, पाने लहान आणि फिकट, आणि सारे रोप खिडकीकडे मान वळवलेले. ही मान कशी वळते हे चार्ल्स डार्विन यांनी फ्रान्सिस या आपल्या मुलाच्या साहाय्याने तपासले व 1880 साली प्रसिद्ध केले. गवताच्या कोवळ्या अंकुराच्या शेंड्यावर त्यांनी टोपी चढवली, तेव्हा अंकुर उजेडाकडे वळेना. उजेडाची जाणीव शेंड्याला होते आणि वाकतो मात्र खालचा भाग, असे त्यातून दिसले. आमच्या संघटनेतही बहुधा असेच असते. पण तो विषय आजचा नव्हे.

"आमच्या खोलीत चांगला उजेड आहे हो," असे लोक सांगतात. इथे आपले डोळे आपल्याला फसवतात. अंधुकात बाहुली मोठी होते, उन्हात लहान, आणि दोन्हीकडे आपले भागते. मोजणाऱ्या यंत्राला विचारा. भर दुपारी उघड्यावर उजेड लाख लक्सच्या आसपास असतो. तोच खिडकीपासून चार हात आत काही शेकड्यांवर येतो. छताला टांगलेला दिवा आपल्याला वाचायला पुरतो, रोपाला जेवायला पुरत नाही. म्हणून रोपे खिडकीच्या अगदी कट्ट्यावर ठेवा आणि रोज अर्धा फेर वळवा. खिडकीच नसेल तर साधा पांढरा नळीचा दिवा रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर टांगा, दिवसाचे 14 ते 16 तास चालू ठेवा, आणि रात्री विझवा.

पण दया आली म्हणून अंधारातले रोप एकदम वैशाखाच्या उन्हात नेऊन ठेवू नका. पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतील. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठवडाभरात वाढवा. दुपारी वर जुन्या साडीची सावली. उंच झालेले टोमॅटोचे रोप लावताना खालच्या पानांपर्यंत मातीत पुरले तर चालते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात.

पाणी आणि उजेड दोन्ही ठीक असतील, तरच तिसरी परीक्षा: अन्नाची. इथे एकच प्रश्न विचारायचा. पिवळे पान जुने की नवे? या एका प्रश्नात अर्धे निदान आहे.

खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील, वरची त्या मानाने हिरवी असतील, आणि सारी वाढ खुंटली असेल, तर नत्र कमी. नत्र हे रोपाच्या अंगात फिरते द्रव्य आहे. टंचाई आली की रोप जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. संपाच्या दिवसांत आमची आई "मला भूक नाही" म्हणून आपली भाकरी आमच्या ताटात टाकी. ती तेव्हा किती पिवळी दिसे हे आम्हांला फार उशिरा कळले. रोपाचे खालचे पान तेच करीत असते. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियमची उणीव समजावी. तेही फिरते द्रव्य आहे.

याच्या उलट, शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांत शिरांची हिरवी जाळी स्पष्ट, तर लोह कमी. लोह एकदा पानात बसले की तिथून सहसा हलत नाही. म्हणून जुने पान हिरवे राहते आणि नवे उपाशी जन्मते. युसेब ग्रिस या फ्रेंच संशोधकाने 1840 नंतरच्या चार-पाच वर्षांत दाखवले की अशा पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावले तर ती हिरवी होतात. गंमत अशी की हरितद्रव्याच्या कणाच्या मध्यभागी लोह नसतेच, तिथे असतो मॅग्नेशियम. लोह लागते ते हरितद्रव्य घडवायला. आपल्याकडे बोअरचे जड पाणी आणि चुनखडीची माती असेल तिथे लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. माती सतत चिंब असली तरी तेच होते. म्हणजे पुन्हा पहिल्या परीक्षेकडे आलो.

कोकोपीटमध्ये रोपाला पोसण्याजोगे अन्न जवळजवळ नसते. म्हणून खऱ्या पानांची पहिली जोडी आली की विरघळणारे 19:19:19 खत लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीत द्यावे. लोहासाठी हिराकस लिटरला 2 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर बारीक फवारावे. तेही आधी चार रोपांवर, आणि तीन दिवसांनी बाकीच्यांवर. मुठीने मोजायचे दिवस संपले. आमच्या मुठीची किंमत आपण ऐकलीच.

आता तीन लहान गोष्टी. बी उगवताना जी पहिली दोन जाड दले निघतात, ती तीन-चार खरी पाने आल्यावर पिवळी होऊन गळतात. ते दुखणे नव्हे, ती निवृत्ती आहे. तिथे उपाय करू नये. दुसरे, पानाची खालची बाजू पाहावी. बारीक ठिपके, कोळ्यासारखे जाळे किंवा उडणारी पांढरी माशी असेल, तर पिवळेपणा रस शोषणाऱ्या किड्यांचा आहे. पाने पाण्याने धुवावी, आणि निंबोळी तेल 5 मिलिलिटर, त्यात साबणाचा थेंब, असे लिटरभर पाण्यातून फवारावे. तिसरे, रोपाची मान मातीलगत बारीक होऊन ते आडवे पडत असेल, तर तो मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी त्यामागे असतात. आडव्या पडलेल्या रोपाला औषध नाही, हे स्पष्ट सांगतो. ते मातीसकट काढून टाकावे, पाणी तोडावे, वारा खेळू द्यावा, की शेजारचे वाचेल. पुढच्या वेळी बी विरळ टाकावे आणि आधी ट्रायकोडर्मा चोळावे.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, की एवढे सारे लक्षात कसे ठेवायचे? आम्ही मागावर लागलो तेव्हा एका जॉबरने आम्हांला धडा दिला होता. कापडात दोष पडू लागला की नवा पोरगा घाबरून एका हाताने धोटा बदलतो, दुसऱ्याने ताण कमी करतो, कांडी बदलतो, आणि शेवटी दोष गेला तरी कशाने गेला ते त्याला कळत नाही. जॉबर आधी माग थांबवतो. मग बघतो. मग एकच गोष्ट बदलतो, आणि माग चालू करून चार बोटे कापड विणून बघतो. रोपाचेही तेच. पिवळेपणा दिसला की प्रथम हात थांबवा. पाहा: मूळ, मान, जुने पान, नवे पान, पानाची पाठ. मग एकच बदल करा. आणि वाट पाहा. पूर्ण पिवळे झालेले जुने पान बहुधा पुन्हा हिरवे होत नाही. त्याच्याकडे पाहून निराश होऊ नका. उपाय लागू पडला की नाही, हे पुढे येणारे नवे पान सांगते, आणि त्याला आठ-दहा दिवस लागतात.

हीच चूक आम्ही युनियनमध्येही केली आहे. एका शेडमधल्या कामगारांची मजुरी घसरत होती. आम्ही तपास न करता दरवाढीची मागणी लावली. दर थोडा वाढला, मजुरी घसरतच राहिली. सूत निकृष्ट होते, तार पुन्हा पुन्हा तुटत होती, आणि माग चालण्यापेक्षा थांबतच जास्त होता. मागणी खोटी नव्हती, पण दुखणे दुसरेच होते. आम्ही पान पाहिले होते, मूळ पाहिले नव्हते. आपल्या मागे माणसे आहेत म्हटले की आपले उत्तर बरोबरच असणार, असे वाटू लागते. आणि चुकीच्या उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्याला नव्हे, विचारणाऱ्याला द्यावी लागते.

त्या चार ट्रेंचे काय झाले, ते सांगून संपवतो. मावशीने ट्रे विटांवर उचलून ठेवले, की खालून पाणी निथळावे आणि हवा जावी. तीन दिवस कोणाला पाणी घालू दिले नाही. तांब्याच आपल्या उशाशी ठेवला. कुजलेली रोपे वेचून टाकली. मग ट्रे गॅलरीत हलवले, वर जुने लुगडे बांधले. अकराव्या दिवशी मिरचीच्या शेंड्याला हिरवे पान दिसले. चार ट्रेंतली सारी नव्हे, पण बरीचशी रोपे तगली आणि जूनमध्ये विकली गेली. उधारी थोडीच फिटली.

मेलेल्या सहा ट्रेंचे पैसे आम्ही देऊ केले. त्याने घेतले नाहीत. मावशी म्हणाली, "पैसं राहू द्यात. फुडच्या टायमाला कुणी इचारलं तर आधी जाऊन बघा, एवढं केलं तरी बास." तेव्हापासून कोणी फोनवर सल्ला विचारला, मग तो रोपाचा असो की नोकरीचा, आम्ही आधी चप्पल घालतो.

आपणही घरी गेल्यावर गॅलरीतल्या पिवळ्या रोपाला लगेच पाणी घालू नये, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.